बाळंतिणीचा फोन वाजतो कोणाच्या खिशात?



आता प्रत्येक बाळंतिणीवर संगणकाची नजर आहे, असे सरकार म्हणते. 2009 पासून गरोदर बाई व बाळाची नावानिशी नोंद संगणकावर होऊ लागली. 2024 च्या फेब्रुवारीत ‘किलकारी’ महाराष्ट्रात आली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर सल्ला. चांगले आहे. आम्ही यंत्राचे वैरी नाही.

पण फोन वाजतो कुठे? घरात मोबाइल एकच असला की तो कारभाऱ्याच्या खिशात. तो शेवगावला कापसाच्या काट्यावर उभा, आणि सल्ला बाळंतिणीचा! सातबारावर नाव पुरुषाचे, आता बाळंतपणाला नंबरही त्याचाच.

त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. नोंद सासरी पाथर्डी तालुक्यात, बाई माहेरी जामखेडकडे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचे असते. म्हणजे आपला सव्वा महिनाच. सासरच्या आशाताईला बाई सापडत नाही, माहेरच्या आशाताईच्या यादीत नाव नाही. ऊसतोडीला कोपीवर गेलेल्या बाईचे तर विचारूच नका. अंगावरून जास्त जाणे, ताप, डोके फुटेल असे दुखणे, झटके येणे ही संकटे बाळंतपणानंतरही येतात, दवाखान्यातून घरी आल्यावरही. रक्तस्राव तर काही तासांत बाईला नेतो.

याच जिल्ह्यात जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, कित्येक निरक्षर, बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. तेव्हा कुठला आला संगणक? गावातली बाई गावातल्या बाईच्या दारात जात होती. आजही यंत्राने आशाताईला दार दाखवायचे, दारात जायचे तिनेच. आणि 2011 च्या योजनेत या सगळ्या भेटींचे मिळून तिला ठरले 250 रुपये! एका वेचणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी किती देतो, ते आपणच आठवावे.

आमची मागणी साधी आहे. बाई गाव बदलेल तशी तिची नोंद त्या गावच्या आशाताईकडे गेली पाहिजे, आणि फेऱ्यांचे दाम वाढले पाहिजेत. येत्या ग्रामसभेत हे मांडा. तोवर दवाखान्यातून सुट्टी होताना सिस्टरला सांगा, बाई कोणत्या गावी राहणार आणि तिच्याजवळ फोन कोणाचा असेल. माहेरी पोचल्या दिवशी तिथल्या आशाताईला निरोप द्या. वर सांगितलेले काही दिसले तर भेटीच्या दिवसाची वाट पाहू नका, 108 ला फोन लावा.