हिशेब मागितला, गहिंवर मिळाला

एकत्र कुटुंबांत सामाईक पैशाचा हिशेब मागण्याचा प्रसंग आला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. धाकटा भाऊ विचारतो, "दादा, यंदा बागेचे आलेले रुपये कोठें गेले?" आणि दादांचे डोळे भरून येतात. आपण शिक्षण कसें सोडलें, वहिनींच्या पाटल्या कशा मोडाव्या लागल्या, हें सारें ते सांगतात. आणि तें खरेंच असतें! आजी पदर डोळ्यांस लावते, विचारणारा कृतघ्न ठरतो, आणि बागेचे रुपये राहतात बाजूला.

हाच प्रयोग इ. स. १९५२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत राष्ट्राच्या ओसरीवर झाला. रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या राजकीय खर्चासाठीं कॅलिफोर्नियांतील धनिक समर्थकांनीं सुमारें १८,००० डॉलरांचा निधि जमविल्याचें वृत्तपत्रांनीं उघडकीस आणलें. देणारे कशाच्या आशेनें देतात, हा प्रश्न रास्त होता. उमेदवारी सोडा, असा सूर स्वपक्षांतूनही निघूं लागला.

ता. २३ च्या रात्रीं निक्सन टेलिव्हिजनवर अर्धा तास बोलले. सुमारें ६ कोटी लोकांनीं तें भाषण पाहिलें अथवा ऐकलें. निधींतील पैसा घरखर्चांत गेला नाहीं, असा हिशेबतपासनिसांचा व वकिलांचा निर्वाळा त्यांनीं पुढें केला, हें न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे. पण लोकांच्या स्मरणांत राहिलें तें निराळेंच. घरावरचें कर्ज, आईवडिलांचें देणें, जुनी मोटार; पत्नीपाशीं मिंकचा मौल्यवान कोट नाहीं, साधा कापडी कोट आहे. आणि टेक्सासहून कोणीं तरी मुलींसाठीं पाठविलेलें काळें-पांढरें कुत्रें! सहा वर्षांच्या ट्रिशियानें त्याचें नांव चेकर्स ठेविलें होतें. लोक कांहींही म्हणोत, तें आम्ही परत करणार नाहीं, असें वडिलांनीं बजावलें.

कुत्रें परत करा, असें म्हटलें होतें कोणीं? आठ वर्षांपूर्वीं त्याच तारखेस अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं आपल्या फाला नांवाच्या कुत्र्याचा कैवार घेऊन विरोधकांची थट्टा उडविली होती, ती निक्सन विसरले नव्हते. निधीविषयीं शंका घेणाऱ्यास आतां एका लहान मुलीचें कुत्रें ओढून नेणाऱ्याच्या पंक्तीस बसावें लागलें. पुढें त्यांनीं श्रोत्यांसच निवाडा पक्षाच्या समितीस कळविण्याची विनंती केली. तारांचा पाऊस पडला, उमेदवारी टिकली, आणि नोव्हेंबरांत ते निवडून आले.

आम्हांस मात्र राहून राहून आठवतात त्या शेजारीं खुर्चीवर बसलेल्या पॅट निक्सन. आपल्याजवळ किती थोडें आहे आणि आपण किती देणें लागतों, हें जगास कशाला सांगावयाचें, असें त्यांनीं पतीस आधीं विचारलें होतें. त्यांचा कोट चारचौघांत मांडला गेला; त्या अर्ध्या तासांत त्या एक शब्द बोलल्या नाहींत. घरच्या भांडणांत ज्यांच्या पाटल्यांचा उल्लेख होतो, त्या वहिनींना तरी कोण विचारतें!

वॉटरगेट प्रकरणांत अध्यक्षपद सोडून निक्सन ता. ९ ऑगस्ट १९७४ रोजीं व्हाइट हाउसमधून निघाले, तेव्हां कर्मचाऱ्यांपुढें पुन्हा त्यांचा कंठ दाटला. वडिलांचे कष्ट त्यांनीं सांगितले. आई संत होती, असें म्हणाले. पॅटबाई मागें उभ्याच होत्या. त्या भाषणांत त्यांचें नांव एकदांही आलें नाहीं.