आमच्या घरचा शब्दकोश



मागच्या पंधरवड्यात खामगावला आमच्या घरी एक मोठी घटना घडली. पेपरात छापून येण्यासारखी नाही, पण आमच्या गल्लीत दिवसभर तिचीच चर्चा होती. सकाळचे आठ वाजले असतील. आमची मंडळी चुलीपुढं ज्वारीची भाकर थापत होती. दोन वर्षांची होत आलेली आमची नात उंबऱ्यावर बसून चुलीकडं बघत होती. तव्यावरची भाकर टम्म फुगली तशी पोरीनं बोट केलं आणि म्हणाली, "भाका!"

मंडळीच्या हातातला गोळा परातीत तसाच राहिला. "बोलली व बाई! पोट्टी बोलली!" असा तिनं आवाज दिला की मी अर्धी दाढी तशीच ठेवून अंगणातून आत पळालो. शेजारची बाई भांडी टाकून आली. त्या दिवशी पोरीनं एका भाकरीला वीस वेळा "भाका" म्हटलं आणि आम्ही वीस वेळा तुकडा मोडून तिच्या हातात दिला.

तुम्ही म्हणाल, लेकरं बोलतातच, त्यात एवढं काय? म्हणून मागची हकीकत सांगतो.

आमची मुलगी आणि जावई पुण्याजवळ चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला आहेत. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली किती पोरं तिकडं गेली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. दहा बाय दहाची खोली, दोघांच्या पाळ्या वेगळ्या. एक कामावरून आला की दुसरा निघतो. आलेल्याला झोप हवी आणि लेकराला खेळ हवा. मग लेकराच्या हातात मोबाईल येतो. त्यात गाणी चालतात, चित्रं नाचतात, लेकरू गप्प बसतं. मी त्यांना दोष देत नाही. आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला दोष देणं सोपं असतं.

कंपनीला दिवाळीची सुट्टी लागली तशी मंडळी गावाला आली. दीड वर्ष उलटून गेलं होतं, पण पोरीच्या तोंडून एक शब्द नव्हता. नुसतं बोट दाखवायची, नाही दिलं तर रडायची. मग जो येईल तो बोलू लागला. कोणी म्हणालं, मुकी तर नाही? कोणी म्हणालं, गळ्यात दोरा बांधा. एका काकूंनी पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घालायला सांगितलं. आमची मुलगी आतल्या खोलीत जाऊन रडत बसायची. पेरू आम्ही खाऊ घातला, कारण पेरू चांगलाच असतो. दोरा मात्र बांधू दिला नाही. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या घरातल्या लेकराच्या गळ्यात गंडा कशाला?

आम्ही सरळ अंगणवाडी गाठली. सेविकाताईंनी पोरीला मांडीवर घेतलं, मागून टाळी वाजवली, तिनं मान वळवली. ताई म्हणाल्या, "ऐकू येतं असं दिसतं, पण तपासून घेऊ." शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून सुरू आहे. त्यात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. ऐकू कमी येणं, बोलणं उशिरा येणं हेही त्यांच्या यादीत आहे. पैसा लागत नाही. पथकाच्या डॉक्टरांनी पोरीचे कान पाहिले, पुढं कानाची तपासणी करून घ्यायला लावली. कान उत्तम निघाले. "मोबाईल बंद करा आणि हिच्याशी दिवसभर बोला. तुम्ही बोलून झालं की थोडं थांबा, तिला उत्तर द्यायला वेळ द्या," एवढंच औषध त्यांनी दिलं.

त्यांनी जे समजावलं ते इथं देतो, म्हणजे कोणाच्या उपयोगी पडेल. साधारण वर्षाच्या आसपास लेकरू पहिला शब्द बोलतं. कोणी महिना-दोन महिने आधी, कोणी मागून. दोन वर्षांचं होईपर्यंत दोन शब्द जोडायला लागतं. दीड वर्षापर्यंत एकही शब्द आला नाही किंवा आवाजाकडं लेकरू वळत नसेल, तर वाट बघत बसू नये, दाखवून घ्यावं. कानात दोष असला तर तो जितका लवकर सापडेल तितकं बरं. आणि मोबाईलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगून ठेवलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या लेकरापुढं पडदा नकोच, त्यापुढं दिवसाला तासाभराहून जास्त नको. आमची पोरगी मोबाईलमुळंच बोलायची थांबली होती असं मी म्हणणार नाही. पण मोबाईल बोलतो, ऐकत नाही, हे खरं आहे.

मुलीनं काळजावर दगड ठेवून पोरीला आमच्याकडं ठेवलं आणि ती चाकणला परत गेली.

मग आजीची शाळा सुरू झाली. आमची मंडळी चौथी शिकलेली, पण तिची शाळा पहाटे पाचला भरायची. "हे पाय, पाणी तापलं. हे पाय, कोंबडी आली. आता आपण तांदूळ निवडू." दिवसभर तोंड चालू. आणि मधूनच ती बाळांची जुनी भाषा. मंमं म्हणजे जेवण, दूदू म्हणजे दूध, भूभू म्हणजे कुत्रा, हम्मा म्हणजे गाय, चिऊ, काऊ, भुर्र, जोजो, बाऊ. मला आधी वाटायचं, हे काय बोबडं बोलून लेकराला शिकवायचं! पण त्यातही शहाणपण आहे. म, ब, प, भ हे आवाज ओठ मिटून उघडले की निघतात, म्हणून ते लेकराला लवकर साधतात. जगातल्या कितीतरी भाषांत आई आणि बाप यांच्यासाठी मामा-पापासारखेच शब्द का असतात, यावर रोमान याकोबसन नावाच्या भाषेच्या पंडितानं १९६० साली निबंध लिहिला आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी निबंध लिहिला नाही, पण लेकराला जमेल असेच शब्द त्यांनी निवडले, आणि तेही दोन-दोनदा म्हणायचे.

"भाका" आल्यावर जणू बांध फुटला. मी दुकानातून दहा रुपयांची वही आणली आणि तारीख घालून लिहू लागलो. दुसऱ्या दिवशी "आबा", म्हणजे मी. मग "कोको", म्हणजे कोंबडी. मग "नको", आणि तो तर दिवसातून शंभर वेळा. पौर्णिमेला विहारात नेलं, तिथं सगळ्यांचे हात जोडलेले बघितले आणि घरी येताना रस्ताभर "दे बी, दे बी" चालू झालं. पानटपरीवाल्याला दे बी, एसटीच्या कंडक्टरला दे बी, शेजाऱ्याच्या बकरीलाही हात जोडून दे बी! कंडक्टर भला माणूस, त्यानंही हात जोडून तिला जयभीम केला.

एक दिवस ती म्हणाली, "मले." आजीच्या हातातला गूळ तिला हवा होता. फोनवर जावई हसून म्हणाले, "अहो, मला म्हणायला शिकवा, नाहीतर तिकडं शाळेत पोरं हसतील." मी म्हटलं, शिकेल. शाळेत गेली की "मला"ही शिकेल. पण तिचा पहिला "मले" आजीच्या हातातल्या गुळासाठी होता, तो मी वहीत तसाच लिहून ठेवला आहे.

वही लिहिता लिहिता मला माझी आई आठवली. माझी शाळेतली जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती, कारण मास्तरांनीच ती घातली. लेकरू कधी जन्मलं हेच जिथं कोणी लिहिलं नाही, तिथं ते कधी बोललं हे कोण लिहिणार? मी मोठेपणी एकदा आईला विचारलं होतं, "माय, मी पहिला शब्द कोणता बोललो?" आई कपाशी वेचायला दुसऱ्याच्या वावरात जायची. मला बाभळीच्या फांदीला झोळी बांधून ठेवायची. ती म्हणाली, "कोणाले आठवते रे बाप्पा! काही तरी बोलला असशीन. बाभळीनं ऐकलं असंन." ती हसली होती, पण मला तेव्हा हसू आलं नाही.

आणि मी तरी काय केलं? खामगाव हे कापसाचं गाव. या कापसासाठीच १८७० साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला. हंगामात मी जिनिंगमध्ये डबल पाळी करायचो. घरी यायचो तेव्हा अंगभर रुई आणि डोळ्यांत झोप. माझी मुलगी पहिला शब्द बोलली तेव्हा मी सरकीच्या ढिगाजवळ उभा होतो. चार दिवसांनी कळलं. कोणता शब्द, तेही आज मला नक्की सांगता येत नाही. आता तीच मुलगी चाकणला मशीनवर उभी होती तेव्हा इकडं तिची पोर "भाका" म्हणाली. तीन पिढ्या झाल्या. कष्टाच्या मजुरीतून आपली भाकर सुटली, पण लेकराचा पहिला शब्द ऐकायची सवड अजून मिळालेली नाही. आपल्यातली गरिबी मोजताना हे कोणी मोजत नाही.

ज्यांना ती सवड होती तेही सारे सुखी नव्हते, हेही खरं. आणि ज्यांना नव्हती त्यांत आपले बाबासाहेबही होते. रमाईंच्या पोटची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव राहिले. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला, त्यानंतर महिन्याभरात बाबासाहेबांनी मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. ते पत्र वाचलं की कळतं, एवढा ज्ञानी माणूस, पण त्या घरातला बापच त्यात बोलतो आहे. आपल्या लेकरांना आज डोस मिळतो, अंगणवाडीत वजन होतं, ती जगतात, बोबडं बोलतात. हे आपल्याला साधं वाटतं. त्या घरात ते साधं नव्हतं.

अंगणवाडी या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालवाडी काढली. वस्तीतली मुलं तिथं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. लेकरू आपल्याकडं येत नसेल तर आपण त्याच्याकडं जावं, एवढंच त्यात आहे. लेकराच्या बोलण्याचंही तेच. त्याच्याजवळ खाली बसावं लागतं.

परवा मुलगी आणि जावई दोन दिवसांची रजा टाकून आले. रात्रभर प्रवास करून सकाळी दारात उभे. पोरगी आजीच्या पदराआड लपली. तीन महिन्यांत ती आईला थोडी विसरली होती. आमच्या मुलीनं हात पुढं केले, पोरीनं मान फिरवली. मुलगी काही बोलली नाही, तिथंच ओट्यावर बसली. मी वही आणून तिच्या मांडीवर ठेवली. ती एकेक पान वाचू लागली. भाका. आबा. कोको. दे बी. मले. वाचता वाचता हसायची आणि डोळे पुसायची.

तोवर चुलीवर भाकर झाली. आजीनं तुकडा मोडून पोरीच्या हातात दिला. पोरगी थोडा वेळ उभी राहिली, मग हळूहळू ओट्याजवळ गेली, आणि तुकडा पुढं करून म्हणाली, "आई, भाका."

दोन शब्द जोडून. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. मी वही मुलीच्या हातातून घेतली नाही, पेन तिच्याकडं दिलं. तारीख तिनं घातली आणि ओळही तिनंच लिहिली.

आता मुलीनं आणि जावयानं ठरवलं आहे की पाळ्या अशा मागून घ्यायच्या की रोज दोन तास तरी दोघांपैकी एक जण पोरीजवळ जागा राहील, आणि त्या दोन तासांत मोबाईल फळीवर. कंपनी किती ऐकते ते बघू. या उन्हाळ्यात पोरगी त्यांच्याकडं जाईल. घर ओकं होईल, पण लेकरू आई-बापाजवळच शोभतं. वही तिच्याबरोबर जाईल.

तुमच्या घरातही कोणी बोबडं बोलत असेल. मुलगा, मुलगी, नातू, भाची, शेजारचं लेकरू. कामावरून आल्यावर पाय धुवा, चहा घ्या आणि घटकाभर त्याच्याजवळ खाली बसा. ते जे बोलेल ते तारीख घालून लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. आपल्या आई-बापांचं कोणी लिहून ठेवलं नाही. आपल्या लेकरांचं आपण लिहू.

जयभीम.