मुरमाची वाट आणि गावचा नकाशा

पाऊस उघडला, ओढे उतरले, मुरूम पुन्हा घट्ट बसू लागला. दसऱ्यापासून पुढचे चार महिने सह्याद्रीच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा सायकलीसाठी जितक्या चांगल्या असतात तितक्या वर्षभरात कधीच नसतात. हंगामाच्या तोंडावर गटप्रमुख, राइड आखणारे आणि नव्या वाटांच्या मागावर असणारे यांच्याशी एका विषयावर स्पष्ट बोलायचं आहे.

आपल्याकडे ग्रॅव्हलची वाट अजून फक्त शोधली जाते. उपग्रहचित्रात झाडीतून जाणारी तांबडी रेघ दिसते, रविवारी कोणीतरी तिच्यावरून जाऊन येतं आणि संध्याकाळपर्यंत तिची जीपीएस फाइल पाच-सहा ग्रुपांवर फिरते. त्याच फाइलीवरून पुढे मोटारसायकली येतात, मग जीप येतात. गुरं बुजतात, रात्री-अपरात्री इंजिनं घुमतात आणि एके दिवशी वाटेच्या तोंडाशी काटेरी कुंपण पडतं. गावाला दोष देण्यात अर्थ नाही. वाट कोणाच्या वहिवाटीत आहे, तिची जमीन कोणाची, पावसाळ्यानंतर तिची डागडुजी कोण करतं, हे आपण विचारलेलंच नसतं.

वाहनमुक्त वाट कशी उभी राहते, याचं मला सर्वांत शिकण्यासारखं वाटणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पिट्सबर्गहून कंबरलंडला जाणारी ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ ही सुमारे २४० किलोमीटरची, बारीक चुनखडी दाबून केलेली वाट बहुतांशी जुन्या रेल्वेमार्गांवर आहे. डोंगर, दाट रानं आणि नदीच्या घळी यांतून ती जाते. तरी कंबरलंडकडून निघालं, तर सुमारे ३८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठायची असते, म्हणजे चढ सरासरी दीड टक्क्याच्याही आत. आगगाडीला जो चढ झेपतो, तो साठीतल्या आजीलाही झेपतो. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे पावणेतीन टक्के. घाटातल्या मोटाररस्त्यावर ज्यांच्या मांड्या भरून येतात त्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पण त्या वाटेचं खरं बळ चढात नाही, तिच्यामागे लोक किती काळ उभे राहिले यात आहे. सत्तरच्या दशकात डोंगरातली ती रेल्वे बंद पडली. ओहायोपाइलजवळ पहिला १४-१५ किलोमीटरचा तुकडा खुला झाला १९८६ मध्ये आणि पिट्सबर्गमधला शेवटचा तुकडा जोडला गेला २०१३ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं गावोगावच्या मंडळांनी एकेक पूल, एकेक मोरी, एकेका मालकाची संमती मिळवण्यात घालवली. ‘बिग सॅव्हेज’ नावाचा सुमारे एक किलोमीटरचा बोगदा त्यांनी दुरुस्त करून घेतला. आजही हिवाळ्यात पाणी गोठून अस्तराला धोका होऊ नये म्हणून त्याचे दरवाजे बंद ठेवले जातात आणि तेवढे महिने वाट तिथं तुटते. तिथले सायकलस्वार ते मान्य करतात. वाट टिकावी म्हणून ती काही काळ बंद ठेवावी लागते, ही समज आपल्या गटांत मला अजून फारशी दिसत नाही.

याच वाटेला कंबरलंडला एक जुना कालवा येऊन मिळतो. चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठानं नाव ओढणाऱ्या खेचरांसाठी केलेली ती वाट वॉशिंग्टनपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर जाते. १९५४ च्या जानेवारीत तिथं मोटारींसाठी रस्ता व्हावा, असं मत ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं संपादकीयातून मांडलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या वृत्तपत्राला उत्तर लिहिलं आणि संपादकांना ती वाट आपल्याबरोबर चालून पाहण्याचं आवाहन केलं. मार्चमध्ये ५८ जण निघाले, आठ दिवसांनी डग्लस यांच्यासह फक्त ९ जण पूर्ण अंतर चालून वॉशिंग्टनला पोचले. बरोबर चाललेल्या संपादकांच्या वृत्तपत्रानं आपली आधीची भूमिका बऱ्याच अंशी मागे घेतली आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. निर्णय घेणाऱ्या माणसाला वाटेवर आणणं हे निवेदनापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. आपल्या तालुक्याचे तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी, सरपंच यांपैकी एकाला तरी आपण कधी मुरमावर दोन किलोमीटर बरोबर नेलं आहे का?

आता आपल्या जमिनीकडे वळू. जुन्या रेल्वेमार्गांचं नाव निघालं की अकोला-खंडवा मीटरगेजकडे लक्ष जाणं साहजिक आहे. धूळघाटजवळ डोंगर चढण्यासाठी वळसा घेणारा, मेळघाटच्या रानातून जाणारा तो मार्ग नकाशात पाहिला, तर कुणाही सायकलस्वाराला मोह व्हावा. या मासिकाचं मत मात्र ठाम आहे : तिथं सायकलवाट नको. तो व्याघ्रप्रकल्पाचा गाभ्याकडचा भाग आहे. ब्रॉडगेज रानातून नेऊ नये, बाहेरून वळसा घ्यावा, असा आग्रह राज्य शासनानंच धरला. गाडीपासून जे रान मोकळं ठेवायचं, ते आपल्या चाकांसाठी उघडा म्हणणं शोभणार नाही. शिवाय सायकल वन्यप्राण्यांना त्रास देत नाही, हा समज चुकीचा आहे. आवाज न करता उतारावरून ताशी तीस किलोमीटरनं येणारी सायकल वळणापलीकडच्या गव्याला किंवा अस्वलाला सावध व्हायला वेळच देत नाही.

कायदाही इथं स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. राखीव वनातली विनापरवाना घुसखोरी भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा ठरते. कोयना, भीमाशंकर, ताम्हिणी, राधानगरी ही नावं ज्यांच्या रविवारच्या यादीत आहेत, त्यांनी आधी अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते ते पाहावं. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. देवराईत तर सायकल न्यायचीच नाही.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं आणि ते आपल्या दाराशी आहे. प्रत्येक गावच्या महसुली नकाशात दुहेरी तुटक रेषेनं गाडीमार्ग दाखवलेले असतात, साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचे. एकेरी तुटक रेषेनं पायमार्ग, सव्वाआठ फुटांचे. आपण ज्यांना पाणंद म्हणतो त्या याच वाटा. मावळ, भोर, पाटण, शाहूवाडी या पट्ट्यांत त्या शेतांतून निघून टेकड्यांच्या कुशीत शिरतात, करवंदीच्या जाळ्यांतून, ऐन-किंजळाच्या सावलीतून पुढच्या गावाला मिळतात. त्यांच्यावरून जायला कुणाचं कुंपण ओलांडावं लागत नाही, कारण त्या मुळातच सर्वांच्या आहेत. अडचण एवढीच की बांध सरकत सरकत त्या अरुंद झाल्या आहेत, कुठं निवडुंगानं भरल्या आहेत, कुठं पावसानं खचल्या आहेत. शासनाची शेत-पाणंद रस्त्यांची योजना आहे. ग्रामपंचायतीनं ठराव केला तर काम पुढे सरकतं. शेतकऱ्याला पीक बाहेर काढायला वाट हवी, आपल्याला चालवायला हवी. इतकं सरळ जुळणारं हित दुसरीकडे सापडणार नाही. ट्रॅक्टर आणि बैलगाडी त्या वाटेवर येणारच आणि त्यांचा हक्क आपल्याआधी आहे. आपल्याला टाळायची आहे ती वेगानं धावणारी वाहतूक, शेतकऱ्याची गाडी नव्हे.

राहिला प्रश्न पावसाचा. परदेशी वाटांची नक्कल करताना तो नेहमी सुटतो. मुरूम ओलसर असताना दाबला तर दगडासारखा बसतो, पण भिजून चिखल झालेल्या मुरमावर वीस चाकं एकामागून एक गेली की चाकोरी पडते. पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि एका पावसाळ्यात तिची घळ होते. म्हणून जून ते सप्टेंबर कच्च्या उतारावर गटानं जाऊ नये. कोरड्या दिवसांतही मागचं चाक घसटत ब्रेक लावणाऱ्यांना गटप्रमुखानं तिथल्या तिथं टोकावं. वाटेला मधून उंचवटा आणि कडेनं चर हवा, उताराला तिरके आडवे चर हवेत आणि मोऱ्यांतला गाळ पावसाआधी निघायला हवा. फावडं-घमेलं घेऊन वर्षातून दोन सकाळी दिल्या तर पाच-सात किलोमीटरची पाणंद एक गट सहज राखू शकतो. चाळीस मिलिमीटरच्या टायरवर, थोडी कमी हवा ठेवून ती वाट नवख्यालाही चालवता येते. आपल्यातले काहीजण मात्र अजून अवघड वाट म्हणजेच चांगली वाट असं मानतात. मला ते पटत नाही. जिथं बारा वर्षांची मुलगी आणि तिची आजी दोघी निर्धास्त जातील अशी वाट तयार करणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते आपल्याच लोकांना करावं लागेल.

म्हणून या हंगामात प्रत्येक गटानं एकच वाट निवडावी, फार तर दहा किलोमीटरची. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढावी, तलाठी आणि सरपंचांना घेऊन ती वाट पायी पाहावी, मग सायकलीवर. ग्रामसभा हो म्हणेपर्यंत तिची फाइल कुठंही टाकू नये. नकाशाची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि वाटेच्या आजच्या अवस्थेची टिपणं डिसेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. ठराव झालेल्या वाटा आम्ही फेब्रुवारीच्या अंकापासून छापू, ठराव नसलेली एकही वाट छापणार नाही.