चरबीचं 'बटण' बंद करणारी पावडर? आधी यीस्टला विचारा!

"डॉक्टर, ही पावडर शरीरात चरबी बनवणारं एन्झाइमच बंद करते म्हणे. घेऊ का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझं उत्तर सरळ आहे : घेऊ नका. कारण समजून घ्या.

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या एका पेशीलाही चरबी लागते. पेशी वाढत असते तेव्हा तिचा कच्चा माल नवी आवरणं बनवायला जातो. वाढ थांबली की तोच माल साठ्याच्या चरबीकडे वळतो. हे वळवण्याचं काम 'पाह-१' नावाचं एन्झाइम करतं. त्याला फॉस्फेट चिकटलं की ते निपचित पडून राहतं, फॉस्फेट निघालं की पेशीतल्या आवरणावर जाऊन कामाला लागतं. फॉस्फेट चिकटण्याच्या जागा अनेक, चिकटवणारी एन्झाइम्स अनेक आणि काढणारी जोडी वेगळीच! म्हणजे हे दिव्याचं बटण नाही. धरणाचे दरवाजे जसे पाऊस आणि साठा पाहून कमीजास्त उघडतात, तसा हा कारभार आहे.

तरीही ते कायमचं बंद केलं तर? शास्त्रज्ञांनी यीस्टमधून त्याचं जनुकच काढून पाहिलं. साठ्याची चरबी खूप घटली. पेशी सुदृढ झाली का? उलट, तिच्या केंद्रकाचं आवरण बेढब फुगलं, जास्त तापमानात वाढ खुंटली आणि साठवायला जागा न उरलेली मेदाम्लं तिला विषासारखी बाधू लागली.

"आम्ही काय यीस्ट आहोत?" असं म्हणाल. पण याच एन्झाइमचं भावंड, लिपिन, आपल्या शरीरात आहे. ते नेमकं काय करतं, हे 2006 मध्ये यीस्टमुळेच उलगडलं. लिपिन-१ नसलेल्या उंदरांच्या अंगावर चरबी नीट साठत नाही, पण पिल्लांचं यकृत चरबीने भरतं आणि पुढे इन्सुलिनचा परिणामही मंदावतो. जन्मतः लिपिन-१ नसलेल्या मुलांचे स्नायू साध्या तापात किंवा उपाशी राहिल्यावर झिजून तुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते, प्रसंगी जिवावर बेततं.

एन्झाइम रोखणारी औषधं असतात, हे खरं. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिन त्यातलीच. पण त्यांचं नेमकं लक्ष्य, डोस आणि दुष्परिणाम वर्षानुवर्षं तपासलेले आहेत. तुमच्या डब्यावर यातलं काय लिहिलंय? 'नैसर्गिक' या एका शब्दावर विसंबू नका. ग्रीन टीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनीही काहींच्या यकृताला इजा झालेली आहे.

पावडर आधीच सुरू केली असेल तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी जा.

चरबी हा शत्रू नाही, शरीराची शिल्लक आहे. ती कमी करायची तर खर्च वाढवा आणि ताटातली भर कमी करा. तिजोरीच फोडू नका!