दाब असेल तिथेच भौतिक द्रावक

कार्बन डायऑक्साइड पकडायचा म्हटले की आपल्याकडे चर्चा थेट अमाइनवर जाते. औष्णिक वीज केंद्राच्या धुरापुरती ती योग्यच आहे. त्या धुरात हा वायू १२ ते १५ टक्के आणि दाब वातावरणाइतका, म्हणजे आंशिक दाब जेमतेम ०.१५ बार. हेन्रीच्या नियमाने चालणाऱ्या सेलेक्सॉलला किंवा थंड मिथेनॉलला तिथे वाव नाही. सगळा धूर दाबून घ्यावा, तर बहुतेक वीज नायट्रोजन दाबण्यातच खर्ची पडते.

कोळशाच्या गॅसीकरणात चित्र उलटे असते. शिफ्टनंतरच्या सिंगॅसमध्ये आंशिक दाब दहा बारच्या वर सहज जातो. अमाइनची रासायनिक पकड एका मर्यादेला भरून जाते. भौतिक द्रावकाची क्षमता दाबाबरोबर वाढत राहते. दाब टप्प्याटप्प्याने उतरवला की वायू सुटतो आणि रिबॉयलरची बरीच वाफ वाचते. अर्थात थंड मिथेनॉल वापरणाऱ्या रेक्टिसॉलला उणे ४० अंशांच्या आसपासचे शीतकरण पोसावे लागते, सेलेक्सॉल जड हायड्रोकार्बनही शोषतो, आणि फ्लॅशमध्ये सोडलेला दाब कॉम्प्रेसरने पुन्हा भरावा लागतो.

नॉर्थ डकोटातील ग्रेट प्लेन्स प्रकल्प १९८४ पासून लिग्नाइटपासून नैसर्गिक वायूचा पर्याय बनवतो. मिथेनीकरणाच्या उत्प्रेरकाला गंधक चालत नाही, म्हणून रेक्टिसॉल तिथे पहिल्यापासूनच होते. वेगळा झालेला कार्बन डायऑक्साइड मात्र सोळा वर्षे हवेत गेला. २००० साली कॉम्प्रेसर आणि कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्रापर्यंतची सुमारे ३३० किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली, आणि तो जमिनीखाली जाऊ लागला. त्याच्या जोरावर निघणाऱ्या तेलाचा हिशेब वेगळा मांडायलाच हवा. पण वायू पकडणारा स्तंभ जुनाच होता.

भारताने २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या गॅसीकरणाचे लक्ष्य ठेवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. अमोनिया करा वा मिथेनॉल, आम्लवायू काढावाच लागतो. साठवणुकीची जागा ठरलेली नाही म्हणून आराखड्यात फक्त चिमणी दाखवणे आम्हाला मान्य नाही. आराखडे करणाऱ्या अभियंत्यांना आमचे सांगणे आहे: हायड्रोजन सल्फाइड वेगळा काढा. नायट्रोजनने स्ट्रिप केलेला प्रवाह शुद्ध फ्लॅश वायूत मिसळू देऊ नका. हायड्रोजन परत फिरवल्यानंतरचा फ्लॅश शक्य तितक्या चढ्या दाबावर ठेवा, आणि कॉम्प्रेसरची जागा प्लॉट प्लॅनवर आजच राखून ठेवा.