सलाम फेरताना मान अडते तेव्हा



गेल्या पावसाळ्यात आमच्या अम्मी नमाज झाल्यावर मुसल्ल्यावरच मान धरून बसू लागल्या. विचारले तर म्हणाल्या, "उजवीकडे सलाम फेरता येतो, डावीकडे मान अडते." लोणावळ्याचा पाऊस, भिंतींना ओल, अंगाला झोंबणारा वारा, आम्ही सगळा दोष हवेला दिला. तेल चोळले, शेक दिला, दुकानातून गोळ्या आणल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या हातून चहाचा कप निसटला. डाव्या हाताची बोटे बधिर झाली होती. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी विचारले, "दिवसभर बसता कशा?" अम्मी साड्यांना फॉल लावतात. जमिनीवर मांडी, मांडीवर साडी, नजर सुईवर आणि मान खाली. सकाळी तीन तास, दुपारी दोन. घरात आम्ही रोज हे पाहत होतो, पण ते कधी खटकले नाही.

आपले डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर असले की मणके आणि स्नायू ते सहज पेलतात. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कचे मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 साली संगणकावर याचा हिशेब मांडला. मान 15 अंश झुकली तर मानेवरचा भार सुमारे 12 किलो, 30 अंशांना 18 आणि 60 अंशांना 27 किलो होतो. हा अंदाज आहे, पण ताण का येतो हे त्यावरून समजते. वाकणाऱ्या प्रत्येकाची मान दुखतेच असे नाही. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे, हा खरा घात.

त्रास मानेपुरताच राहत नाही. कवटीच्या मुळापासून कपाळापर्यंत डोके दुखते, खांदे भरून येतात, झोप मोडते. पोक काढून बसले की छाती पुरती फुलत नाही, श्वास उथळ होतो.

मावळात हे घरोघरी आहे. कामशेत, वडगाव, तळेगावहून पुण्याला निघालेल्या लोकलच्या डब्यात पाहा. दहातली आठ डोकी मोबाईलवर झुकलेली दिसतील. भातलावणीत बायका दिवसभर वाकलेल्या असतात. बाळाला पाजणारी आई त्याच्याकडे पाहत मान खाली घालून बसते. मुले गादीवर पालथी पडून अभ्यास करतात.

यावर एक साधा नियम आहे: डोके वस्तूपाशी नेऊ नका, वस्तू डोळ्यांपाशी आणा. तो आपल्या घरात पूर्वीपासून आहे. कुरआन शरीफ आपण रिहालवर ठेवतो. हेतू अदबीचा, पण त्यामुळे वाचणाऱ्याची मानही कमी झुकते. मकतबमध्ये मुलांची रिहाल फार बुटकी असेल तर खाली पाट ठेवावा. रुकूत डोके पाठीच्या रेषेत, ना वर ना खाली, हेही आपण लहानपणीच शिकलो. तीच रेषा इतर कामांत आपण विसरतो.

शरीर कसे ठेवावे हा अभ्यासाचा विषय आहे, हे लोणावळ्याला नवे नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली इथेच कैवल्यधाम सुरू केले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे उपकरणांनी मोजण्याचे काम हाती घेतले.

घरी एवढे करावे. दर अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे. शिवण उंच चौरंगावर घ्यावे. मोबाईल छातीच्या वर धरावा, कोपराखाली उशी घ्यावी. बाळाला पाजतानाही मांडीवर उशी घेऊन बाळ वर आणावे. दिवसातून दोनदा भिंतीला पाठ लावून, नजर समोर ठेवून हनुवटी अलगद मागे घ्यावी, पाच सेकंद थांबावे; असे दहा वेळा. दुखले तर थांबावे. कुशीवर झोपताना उशी खांदा आणि डोके यांमधली जागा भरेल इतकीच जाड असावी. पालथे झोपणे टाळावे. गळ्याचा पट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त वापरला तर स्नायू दुबळे होतात.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची सवय भावांनी सोडावी. त्या झटक्याने क्वचित मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीला इजा होऊन पक्षाघातापर्यंत मजल जाते.

हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, वस्तू हातून पडणे, बटण लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, मानदुखीसोबत ताप, किंवा पडल्यावर, अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. यांत घरगुती उपाय करत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. मान, जबडा आणि हात दुखून घाम आला, दम लागला तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. त्यात एक मिनिटही दवडू नये.

एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून घाबरू नये. चाळिशीनंतर अनेकांच्या मणक्यांत ती दिसते, आणि त्यांतल्या पुष्कळांना काही त्रासही नसतो. सजदा जमत नसेल तर आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे. आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे, त्यात संकोच कसला?

चार महिने व्यायाम केल्यावर अम्मींची मान आता बरीचशी वळते. अल्हम्दुलिल्लाह. बोटांचा बधिरपणा मात्र थोडा उरला आहे. लवकर आलात तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले, ते आम्हाला अजून सलते. म्हणून आज घरातल्या प्रत्येकाला एवढेच विचारा: सलाम फेरताना दोन्हीकडे मान सारखी वळते ना?