कवच पातळ का पडते?

मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की लेअर कोंबड्यांच्या शेडमधून एकच तक्रार येते : कवच पातळ पडतेय, अंडी ट्रेमध्येच तडकतात. त्यावरचा उपायही ठरलेला, खाद्यात शिंपल्याचा चुरा वाढवायचा. पण कवचाला कॅल्शियमइतकीच कार्बोनेटचीही गरज असते, आणि ते कोंबडीच्या शरीरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनते.

हे काम कवच घडवणाऱ्या शेल ग्लँडमधले कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर करते. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. या कुळातली सर्वांत वेगवान विकरे सेकंदाला सुमारे १० लाख रेणूंचे बायकार्बोनेट करतात. १९४० मध्ये मान आणि केलिन या संशोधकांनी सल्फानिलामाइड हे सल्फा औषध या विकराला रोखते हे दाखवले. १९४४ मध्ये बेनेश आणि सहकाऱ्यांनी तोच धागा अंड्याच्या कवचापर्यंत नेला. पुढे याच वाटेने ॲसिटाझोलामाइड आले, जे आज काचबिंदूवर दिले जाते.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. सल्फानिलामाइडमधला मोकळा सल्फोनामाइड गट जस्ताला धरतो. सल्फाडिमिडीनसारख्या इतर सल्फा औषधांत तो गट मोकळा नसल्याने विकरावरचा त्यांचा परिणाम बराच क्षीण असतो. म्हणून पातळ कवचाचे सगळे खापर सल्फावर फोडता येत नाही. अंड्यात औषधाचा अंश उतरतो, हे मात्र अंडी देणाऱ्या कळपात सल्फा टाळण्यासाठी पुरेसे कारण आहे.

उन्हाळ्यातला खरा अडथळा वेगळा आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि विकराचा कच्चा मालच आटतो.

दुसरा अडथळा पाण्यात आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बॅलनेव्ह आणि सहकाऱ्यांनी लिटरमागे २ ग्रॅम मीठ असलेले पाणी कोंबड्यांना पाजले. कवचे सदोष झाली आणि शेल ग्लँडमधल्या या विकराची क्रियाही मंदावली. उन्हाळ्यात पाणी खोल जाते, बोअरवर भिस्त वाढते आणि काही ठिकाणी ते पाणी खारे असते.

तेव्हा शिंपल्याची पिशवी फोडण्याआधी पशुवैद्यकाने तीन गोष्टी पाहाव्यात : बोअरच्या पाण्यातले क्लोराइड, खाद्यातले जस्त आणि भर दुपारी शेडमधले तापमान. खाद्यातले मीठ कमी करून सोडियमची भरपाई खाण्याच्या सोड्याने करायची, तर तीही पाण्याचा अहवाल हाती आल्यावरच. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने एप्रिल ते जून या काळात शेडमधल्या पाण्याचे नमुने आणि कवचाची जाडी यांची एकत्र नोंद ठेवावी. मराठवाड्यासाठी अशी आकडेवारी हाती आली, तर सल्ला अंदाजाने देण्याची वेळ येणार नाही.